कमी हप्त्याची आरोग्य विमा योजना खरोखरच परवडते का, हे कसे ओळखावे?

आपले वय ३४ आहे, व्यवसाय स्वतंत्र असल्यामुळे नोकरीतून मिळणारे विमाछत्र नाही, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे आणि समोर असलेल्या दोन योजनांपैकी एकीचा हप्ता दुसरीच्या जवळजवळ निम्मा आहे. तेव्हा तीच घ्यावी का, असे आपण विचारले आहे. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी बराच काळ केले आहे, आणि त्या अनुभवावरून मला असे वाटते की हप्त्यांची तुलना करण्याआधी दोन्ही योजनांना एकच प्रश्न विचारावा. वर्ष फार वाईट गेले, मोठी शस्त्रक्रिया झाली, दोन-तीन वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर हप्ता धरून माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल? ज्या योजनेत हा आकडा काढताच येत नाही, तिचा हप्ता कितीही कमी असला तरी तिला परवडणारी म्हणता येणार नाही.

हप्ता कमी असतो तेव्हा जोखमीचा काही भाग कंपनीने आपल्यावर सोपवलेला असतो. तो कोणत्या रूपात सोपवला आहे, हे पाहणे महत्त्वाचे. को-पे असेल तर प्रत्येक बिलाचा ठरावीक टक्का आपण भरायचा. डिडक्टिबल असेल तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला आणि त्यापुढचा कंपनीचा. समजा को-पे २० टक्के आहे. १,००० च्या बिलात आपले २०० जातात, पण ५,००० च्या बिलात १,००० जातात. म्हणजे आजार जितका मोठा, तितका आपला वाटाही मोठा. याउलट डिडक्टिबल ३०० असेल, तर दोन्ही बिलांत आपले ३००च जातात. लहान बिलात को-पे स्वस्त वाटतो, परंतु विमा आपण लहान बिलासाठी घेत नाही. म्हणून हप्ता कमी करायचाच असेल, तर कमाल मर्यादा नसलेल्या को-पेपेक्षा पेलवेल इतके डिडक्टिबल मी केव्हाही पसंत करीन, आणि तेवढी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवीन.

मात्र ते डिडक्टिबल वर्षभराच्या खर्चाला मिळून एकदाच लागू होते की प्रत्येक वेळी नव्याने, हे लेखी विचारून घ्यावे. डिडक्टिबल १०० आहे आणि वर्षात प्रत्येकी ८० खर्चाची तीन आजारपणे झाली, असे धरा. दर वेळी नव्याने मोजल्यास एकही बिल १०० ओलांडत नाही आणि कंपनी काहीच देत नाही. वर्षाचा एकत्रित हिशोब असेल तर २४० पैकी १४० कंपनी देते. जाहिरातीत या दोन्ही योजना अगदी सारख्याच दिसतात.

डिडक्टिबल फार मोठे घेण्यातही धोका आहे. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या एका मोठ्या प्रयोगात कुटुंबांना वेगवेगळ्या प्रमाणात खर्चाचा वाटा उचलायला लावला गेला. ज्यांना खिशातून पैसे द्यावे लागत होते, त्यांनी उपचार कमी घेतले. पण त्यांनी केवळ अनावश्यक उपचार टाळले असे झाले नाही, आवश्यक उपचारही जवळपास त्याच प्रमाणात टाळले. सरासरी व्यक्तीच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, परंतु गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचार मिळणाऱ्यांमध्ये अधिक आटोक्यात राहिला. आपली गोळी चालू असल्यामुळे हे मुद्दाम लिहीत आहे. तपासणीला जाताना पैशांमुळे पाऊल अडखळेल इतके डिडक्टिबल घेऊ नये.

ज्या अटींमुळे लोक बिल हाती आल्यावर हतबल होतात, त्या बहुधा उपमर्यादांच्या असतात. काही योजनांत खोलीभाड्याला मर्यादा असते. रोज ५० ची मर्यादा असताना १०० ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरावा लागेल असे आपण समजतो. परंतु अशा अनेक योजनांत डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा, मंजूर होतो. विमा रक्कम भरपूर शिल्लक असूनही निम्मे बिल अंगावर आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना ती अट कोणीही आधी नीट समजावून सांगितलेली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. विशिष्ट शस्त्रक्रियांसाठी वेगळी कमाल रक्कम ठरवलेली असेल तर तीही तपासावी.

रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहावा. हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजाराशी संबंधित उपचारांना प्रतीक्षा कालावधी (म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावरही ज्या काळात कंपनी त्या उपचारांचा खर्च देत नाही तो काळ) लागेल, म्हणून ‘ते लिहू नका’ असा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकू नये. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठ्यांतून बाहेर येते आणि मग दावा नाकारला जातो. दोन्ही योजनांचा प्रतीक्षा कालावधी किती आहे, याची तुलना आपल्या बाबतीत हप्त्याइतकीच महत्त्वाची आहे.

गंभीर आजाराचे निदान झाल्यावर एकरकमी पैसे देणारी किंवा रुग्णालयातील प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी स्वस्त मिळते, पण ती प्रत्यक्ष बिल भरणाऱ्या विम्याची जागा घेऊ शकत नाही. आपण जिथे खरोखर जाल ते रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे का, हे त्या रुग्णालयातच विचारावे. तसेच आजच्या हप्त्याबरोबर ५० आणि ६० वर्षे वयाचे सध्याचे दर मागून घ्यावेत, कारण वयाबरोबर दर झपाट्याने वाढणारी योजना नेमकी गरज असते तेव्हाच सोडावी लागते.

पॉलिसी हाती आल्यावर ती ठरावीक दिवसांत परत करण्याची सोय अनेक ठिकाणी असते. त्या मुदतीत पूर्ण दस्तऐवज वाचावा आणि त्याला जोडलेल्या अर्जाच्या प्रतीत रक्तदाबाची नोंद आपण सांगितली तशीच आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे; नसेल तर दुरुस्ती लेखी मागावी आणि तिची पोच जपून ठेवावी.