सगळंच गाठीसारखं लागतं, मॅडम

नेरूळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते. तिसऱ्या वर्षाची ही मुलगी पोस्टिंगवरून थेट आली, युनिफॉर्मवरच. तुर्भ्याच्या वस्तीत सकाळभर बायकांना स्तनांची स्वतः तपासणी कशी करायची ते दाखवत होती. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, मी लोकांना खोटं शिकवते. स्वतः एकदाच करून पाहिलं. सगळंच गाठीसारखं लागलं. पुन्हा हातच लावला नाही."

हे मी या मुलींकडून वरचेवर ऐकते. व्हायव्हात सगळ्या पायऱ्या घडाघडा सांगतात आणि स्वतःच्या अंगावर बोटं अडखळतात. लोकांना ती लाज वाटते. मला त्यामागे भीती दिसते: नर्स असून मला कळलं नाही तर?

मी विचारलं, "कधी केलंस?"

पाळीच्या दोन दिवस आधी. होस्टेलच्या बाथरूममध्ये, बाहेरून कुणी दार वाजवत असताना. उजवीकडे, स्तनाच्या खालच्या कडेला दोरीसारखं काहीतरी कडक लागलं.

"आणि डावीकडे?"

ती गप्प झाली. डावीकडे तिनं पाहिलंच नव्हतं.

तपासणं माझं काम नाही, म्हणून आधी डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. त्यांनी तिचाच हात धरून दोन्ही बाजूंच्या खालच्या कडेवरून फिरवला. तीच जाडसर कड, दोन्हीकडे सारखी. बऱ्याच बायकांना ती असते. पाळीच्या आधी स्तन जड आणि दाणेदार होतात, त्यामुळे ती जास्तच जाणवली. शिवाय ती बोटांच्या टोकांनी टोचत होती. मधल्या तीन बोटांचे पेर सपाट टेकवून, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब द्यायचा असतो.

परत आली तेव्हा रडली. साताऱ्याच्या मावशीनं गाठ कितीतरी महिने घरात लपवून ठेवली होती, ते तेव्हा बाहेर आलं. "मला सापडली तर मीही लपवीन," म्हणाली. खरी अडचण इथे होती.

मी तिला सरळ सांगितलं की निदान करायचं ओझं तुझ्या बोटांवर नाही. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर अभ्यास झाला, २००२ साली निष्कर्ष आले. स्वतः तपासायला शिकवल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत, कर्करोग नसलेल्या साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, मात्र वाढल्या. उलट आपल्या मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे तुझ्यासारखीचाच हात उपयोगी पडतो, पण शिकलेला आणि सरावलेला. स्वतःच्या बाबतीत तुझं काम एवढंच: आपलं नेहमीचं अंग ओळखायचं आणि काही नवं, वेगळं वाटलं की लपवायचं नाही, दाखवायचं. तुझ्या वयात सापडणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरी दाखवायच्याच.

दिवस ठरवला: पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी. बाथरूम रद्द, रविवारी रूममेट मेसला गेल्या की कडी लावून, खांद्याखाली उशी घेऊन, आडवं पडून.

तीन महिन्यांनी कॉरिडॉरमध्ये भेटली. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाली, "डावीकडे काखेजवळ जरा जास्त दाणेदार लागतं, मॅडम. डॉक्टर मॅडमना दाखवलं, काही नाही म्हणाल्या. मागच्या महिन्यातही तसंच होतं."