रोलर ओढणाऱ्याचा जीवनगौरव

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की आपापल्या गावातल्या टेनिससाठी ज्यांनी आयुष्य घातलं अशी माणसं आठवा आणि त्यांचा गौरव करताना काही अडलं तर मला कळवा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी लाइन अंपायर म्हणून, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर हे सांगणारी म्हणून, एकोणतीस वर्षं काम केलं, पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांचं वेळापत्रक लावण्यापासून पाण्याचे जार मागवण्यापर्यंत सगळं पाहिलं. त्या अनुभवातून जे सांगता येईल ते सांगते.

ताई, माझे वडील सत्तरच्या दशकात राज्याकडून खेळले. नंतर तीस वर्षं त्यांनी मुलांना फुकट शिकवलं. सरकारी जीवनगौरव पुरस्कारासाठी प्रयत्न करावा का? (एक वाचक, नागपूर)

जरूर करा, पण तेवढ्यावरच थांबू नका. केंद्र सरकारने २००२ साली ध्यानचंद पुरस्कार सुरू केला. खेळत असताना नाव कमावलं आणि नंतरही खेळाची सेवा सोडली नाही, अशांसाठी तो होता. आपल्याकडचे टेनिसपटू नितीन कीर्तने यांना तो २०१९ साली मिळाला आणि पुण्याच्या नंदन बाळ यांना २०२० साली. आता त्याची जागा अर्जुन जीवनगौरव पुरस्काराने घेतली आहे. २०२४ च्या पुरस्कारांत हा मान सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना मिळाला. पेटकरांनी पोहण्यातलं सुवर्णपदक जिंकलं ते १९७२ साली, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये. मधली बावन्न वर्षं मोजून पाहा.

राज्य पातळीवर शिवछत्रपती पुरस्कारांमध्ये जीवनगौरव आहे. नियम बदलत राहतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन चालू वर्षाची नियमावली हातात घ्या. आजपासून एक काम सुरू करा. वडिलांची प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, संघाचे फोटो एका फाइलीत लावा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने वर्ष, गाव, माणसांची नावं लिहा. ती नावं आज फक्त वडिलांनाच आठवत असतील. त्यांच्याकडे शिकलेल्या आठ-दहा जणांकडून पत्रं घ्या. ‘थोर मार्गदर्शक’ वगैरे नको. कोणत्या साली शिकलो, कोणत्या कोर्टावर, त्यांनी सर्व्हिसमधली कोणती चूक सुधारली, असं लिहायला सांगा. पुरस्कार मिळो न मिळो, ही पत्रं वडिलांना वाचून दाखवता येतील. मला विचाराल तर पहिलं पत्र आलं की त्याच संध्याकाळी दाखवा.

मी बावीस वर्षं लाइन अंपायर होते. आता मोठ्या स्पर्धांत यंत्रच ‘आऊट’ म्हणतं. आमच्या कामाची आठवण तरी कोणी ठेवील का? (एक वाचक, नाशिक)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. २०२५ पासून पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधल्या एटीपी स्पर्धांत रेषांचा निर्णय यंत्राकडे गेला. त्याच वर्षी विम्बल्डननेही १४७ वर्षांची परंपरा मोडून लाइन अंपायर काढले. मातीवरच्या फ्रेंच स्पर्धेत ते त्या वर्षीही होते, कारण तिथे चेंडूचा ठसा उरतो. यंत्र चूक कमी करतं, हे मला मान्य आहे. खेळाडूवर अन्याय होत नसेल तर मी त्याला विरोध करणार नाही.

पण आपण काय करत होतो हे लोकांना कुठे माहीत आहे? प्रेक्षकांना वाटतं, आपण चेंडू पाहत होतो. चेंडू पाहणारा लाइन अंपायर चुकणारच. सर्व्हिस ताशी दोनशे किलोमीटरने येत असताना नजर चेंडूच्या आधी रेषेवर जाऊन थांबलेली असावी लागते. ही सवय अंगात मुरायला मला दोन हंगाम लागले. मग तो आवाज. ‘आऊट’ असा म्हणायचा, की शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे आणि त्यात जराही शंका वाटता कामा नये. खेळाडू मध्ये आला आणि दिसलं नाही, तर दोन्ही हात डोळ्यांशी नेऊन तसं सांगायचं. मला सगळ्यात कठीण गेलं ते हेच. हजार माणसांसमोर ‘मला दिसलं नाही’ म्हणणं. चुकीचा निर्णय दिला तर तिथल्या तिथे हात वर करून ‘करेक्शन’ म्हणायचं. आपली चूक तत्क्षणी मोठ्याने कबूल करायला मला या खेळाने शिकवलं. घरात आणि नोकरीत त्याचा फार उपयोग झाला.

आणि पूर्ण ताफा नऊ-दहा जणांचा असला, तरी जिल्ह्याच्या स्पर्धेत किती जण असायचे? बहुतेक वेळा एकही नाही. मुलं आपल्या बाजूच्या रेषा स्वतःच सांगायची आणि चार कोर्टांमध्ये मिळून एक अंपायर फिरायचा. बारा वर्षांच्या मुलाने रेषेवर पडलेला चेंडू बाहेर सांगितला, पलीकडची मुलगी रडायला लागली, दोघांचे पालक जाळीला धरून ओरडत आहेत, अशा वेळी तिथे जाऊन शांतपणे बोलणारी बाई तुम्ही होता. तिथे यंत्र अजून आलेलं नाही. नाशिकच्या संघटनेला माझं सांगणं आहे, की पुढच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात मागच्या तीस वर्षांतल्या सगळ्या लाइन अंपायरांना बोलवा. नावं जुन्या स्कोअरशीटवर सापडतील. त्या फेकल्या असतील तर या वाचकताईंना विचारा, त्यांच्याकडे नक्की वही असणार. आम्हा सगळ्यांकडे असते.

शाल-श्रीफळ द्यावं की रोख रक्कम? (एक वाचक, पुणे)

ज्याला गरज आहे त्याला रोख, आणि तीही पाकिटातून, आकडा माइकवर न सांगता. शाल सगळ्यांना चालते. स्मृतिचिन्ह शक्यतो टाळा. लहान घरात ते ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा त्यांच्या नावाची पाटी एखाद्या कोर्टावर लावा.

आमच्या संस्थेत मरणोत्तर गौरव करण्याची पद्धत आहे. ती योग्य वाटते का? (एक वाचक, सोलापूर)

जे गेले त्यांची आठवण ठेवायलाच हवी. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला लीला राव. त्यांची आई म्हणजे पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री क्षमा राव. आपल्याकडच्या किती टेनिस शिकणाऱ्या मुलींना हे नाव माहीत आहे? मुलींच्या एखाद्या स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने असावा, असं मला मनापासून वाटतं.

पण जीवनगौरव ही वेगळी गोष्ट आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ते जाऊन सोळा वर्षं झाली होती. कुस्तीतलं हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दिलं. टेनिसमधलं माझ्या मनातलं उदाहरण कोणाला ठाऊक नाही.

मला अंपायरिंग शिकवणारे एक सर होते. शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी कोर्टावर. सामन्यानंतर ते प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायचे, ‘आज कुठल्या निर्णयावर झोप लागणार नाही?’ त्यांचा गौरव करावा, हा विषय एका संस्थेच्या बैठकीत सलग सहा वर्षं आला. एका वर्षी पाहुणे मिळाले नाहीत, एका वर्षी निवडणूक होती, एका वर्षी आणखी काही. मीही त्या बैठकांना होते आणि मीही टेबलावर हात आपटला नाही. सातव्या वर्षी समारंभ ठरला तोवर सरांना विस्मरणाचा आजार झाला होता. मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या, सर शेजारच्याला विचारत होते, ‘कोणाचा कार्यक्रम आहे?’ मी पहिल्या रांगेत होते. तो प्रश्न मी ऐकला.

म्हणून तुमच्या संस्थेत एक नियम करा. वयाची सत्तरी ओलांडलेल्यांची यादी दर वर्षी गुढीपाडव्याला काढायची आणि पुढच्या पाडव्याच्या आत त्यातला कोणीही राहता कामा नये. पाहुणे मिळाले नाहीत तर तुमच्या क्लबातल्या सगळ्यात लहान खेळाडूच्या हातून शाल द्या.

आमच्या क्लबचा सुवर्णमहोत्सव आहे. जीवनगौरवासाठी अकरा नावं काढली. सगळे माजी अध्यक्ष, देणगीदार आणि दोन राज्य खेळाडू. आमचे मार्कर मामा चव्वेचाळीस वर्षं क्लबात आहेत, ते यादीत नाहीत. मी नाव सुचवलं तर उत्तर मिळालं, ‘ते पगार घेत होते.’ मी चूक आहे का? (एक वाचक, सांगली)

तुम्ही चूक नाही. आणि हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण हेच उत्तर मीही बऱ्याच ठिकाणी ऐकलं आहे.

‘मार्कर’ हा शब्द नव्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. क्लबात सभासदांबरोबर खेळणारा, नवशिक्यांना चेंडू टाकणारा आणि कोर्टाची निगा राखणारा माणूस म्हणजे मार्कर. पहाटे पाच वाजता मुरमाच्या कोर्टावर पाणी मारणं, ते मुरेपर्यंत थांबणं आणि बरोबर ओल राहिली असतानाच रोलर फिरवणं. लवकर फिरवला तर माती रोलरला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात. ती वेळ घड्याळात नसते, ती अनवाणी पायांना कळते. मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा. नेट मध्यावर तीन फूट हवं. लाकडी रॅकेटच्या काळात मार्कर एक रॅकेट उभी धरायचे आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचे. सत्तावीस इंच आणि नऊ इंच, झाले छत्तीस. टेप कोणी आणलीच तर मामांचं माप बरोबरच निघायचं.

१९७४ साली पुण्यात डेव्हिस चषकाची, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेची, उपांत्य लढत झाली. भारताने सोव्हिएत संघाला ३-१ हरवलं आणि मग वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढत सोडून दिली. मी तेव्हा बारा वर्षांची होते, वडिलांचं बोट धरून गेले होते. आपल्या संघातल्या अमृतराज बंधूंचे फटके मला आज नीट आठवत नाहीत. आठवतो तो खेळ संपल्यावर रिकाम्या कोर्टावर एकटा उकिडवा बसलेला माणूस. उखडलेली जागा तो तळहाताने दाबत होता, दुसऱ्या दिवशीसाठी. वडील म्हणाले, ‘हा आहे म्हणून उद्या खेळ आहे.’

आता पगाराचं. विजय अमृतराज २०२४ साली न्यूपोर्टच्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये गेले, ते खेळाला दिलेल्या योगदानाच्या गटातून. त्याच गटात त्यांच्याबरोबर रिचर्ड इव्हान्स हे पत्रकार होते. इव्हान्सनी आयुष्यभर टेनिसवर लिहिलं, ती त्यांची नोकरीच होती. जगातल्या सर्वोच्च सन्मानाला पगार आडवा येत नाही. तुमच्या कार्यकारिणीला हे वाचून दाखवा. शिवाय पगार रोलर फिरवण्याचा होता. कोणाच्या मुलीला संध्याकाळी अंधार पडल्यावर आणखी पन्नास चेंडू टाकण्याचा नव्हता. रॅकेटची तुटलेली तार रात्री बसून जोडून देण्याचाही नव्हता.

तुमच्या यादीतले दोन राज्य खेळाडू आहेत ना, त्यांच्याकडे जा. पहिले चेंडू कोणी टाकले, ते विचारा. उत्तर मामा असेल, तर त्यांनाच कार्यकारिणीला पत्र लिहायला सांगा. खेळाडूने मागितलं तर नाही म्हणणं कठीण जातं.

मानपत्र तुम्ही स्वतः लिहा, छापखान्यातल्या नमुन्यावरून घेऊ नका. त्यासाठी एक सकाळ मामांबरोबर कोर्टावर काढा. रोलरचं वजन किती, ओढायला किती जण लागायचे, महापुराच्या वर्षी कोर्टाचं काय झालं आणि किती दिवसांनी ते पुन्हा खेळायजोगं केलं, हे सगळं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. त्यांच्या घरच्यांना बोलवा, बायकोचं नाव मानपत्रात असू द्या. पहाटे साडेचारला चहा त्यांनीच केला असणार.

आणि त्या दिवशी मामांना व्यासपीठावर बसवाल तेव्हा हात असलेली खुर्ची ठेवा. चव्वेचाळीस वर्षं रोलर ओढल्यावर गुडघे राहिलेले नसतात. उठताना त्यांना कोणाचा आधार मागावा लागू नये.