आंबे घरात असून आजी खात का नाही?

प्रिय चिऊ,

काल कॉलवर आजीने कोथरूडच्या घरात कॉटखाली घातलेली आंब्याची अढी दाखवली ना, पेंढ्यातले आंबे उलटेपालटे करत होती, आणि तू विचारलंस की आंबे घरात आहेत, पिकलेत, वास पण येतोय म्हणतेस, मग खात का नाहीस, अक्षय्य तृतीयेपर्यंत कशाला थांबायचं. आजी म्हणाली "अगं आधी पितरांना" आणि तेवढ्यात कॉल कट झाला. मग म्हटलं मीच लिहिते. पत्र मोठं झालंय, शनिवारी मराठी शाळेतून आलीस की सावकाश वाच.

अक्षय्य तृतीया म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. त्या दिवशी मातीची घागर पाण्याने भरून आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने दान करतात, सोबत आंबा देतात, आणि नैवेद्याला आमरस असतो. पुण्याचं एप्रिल-मे मधलं ऊन तू अजून पाहिलेलं नाहीस, पारा चाळीसच्या आसपास जातो, अशा दिवसांत गार पाणी आणि आंबा याहून चांगलं कुणाला काय देणार? आणि आधी त्यांनाच का, तर झाडं त्यांनी लावलीत म्हणून. कोय रुजवून लावलेला आंबा फळायला बरीच वर्षं घेतो, म्हातारपणी लावणारा माणूस तो दुसऱ्यासाठीच लावतो. आजीच्या माहेरी परसात असाच एक रायवळ आंबा होता, तिच्या आजोबांनी लावलेला. त्या आजोबांना तिने बघितलेलंसुद्धा नाही पण सगळं लहानपण त्यांच्या आंब्यावर गेलं. आता ती पहिला आंबा कुणासाठी ठेवते ते कळलं असेल तुला.

आणि तोपर्यंत घरात उपास असतो असं नाही हं! चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, तो महिनाभर कैरीचा. हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, बत्तासे, कलिंगडाची फोड. म्हणजे झाडावर जे जसं असतं तसं ताटात येतं, आधी कैरी मग आंबा, आणि मृगाचा पाऊस पडला की आंबा संपला, पावसानंतरचा आंबा आजी घरात आणत नाही, अळी असते म्हणते. थांबण्यात एक शहाणपण पण आहे असं मला वाटतं. मोहोर आल्यापासून फळ तयार व्हायला चारेक महिने लागतात, घाई करून कोवळंच उतरवलं की मग ते पिकवायला कोणीतरी कार्बाइड वापरतं (त्यावर भारतात बंदी आहे, तरी वापरणारे वापरतात). आजीसारखी गिऱ्हाईकं थांबली तर झाडालाही त्याचा वेळ मिळतो.

हे फक्त आंब्याचं नाहीये. तुळशीच्या लग्नात आवळे, चिंचा, बोरं, ऊस ठेवतात आणि तोपर्यंत आवळा-बोर खायचं नाही, शाळेसमोर गाड्यावर बोरं दिसायची आणि आम्ही मुलं कार्तिक कधी येतो त्याची वाट बघायचो. चातुर्मासात वांगं बंद. पावसात वांगी किडकी निघतात हे तर आजी दर वर्षी सांगते. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून ते परत सुरू, तोवर नवी बाजरी आलेली असते आणि थंडीही, आणि त्या दिवशीच्या भरताची चव काही वेगळीच लागते गं.

पण मला सगळ्यात आवडते ती ऋषिपंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातला गहू नाही, ज्वारी नाही, तूरडाळ नाही. हाताने खणून परसात लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच खायचं, म्हणून ती ऋषीची भाजी: अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याचे तुकडे, आंबटाला चिंच नाहीतर अंबाडी. पुण्यात आदल्या दिवशी मंडईत या भाजीचे मिसळलेले वाटेच विकायला असतात. वर्षभर जो आपल्यासाठी राबतो त्याला थँक्यू म्हणायचं ते असं, एक दिवस त्याच्याकडून काहीच न घेता. आता शेतात ट्रॅक्टर आलेत आणि मंडईत भेंडी कुठून येते ते आपण विचारत नाही हे खरंय, पण वर्षातून एक दिवस तरी जेवताना बैल आठवतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता आपण मेलबर्नमध्ये काय करायचं? इथे सगळं उलटं, वैशाख आला की पानं गळायला लागतात आणि आंबा येतो डिसेंबर-जानेवारीत. तरी तू पाहिलंयस, डिसेंबरमधला पहिला आंबा मी देवापुढे आणि पणजी-पणजोबांच्या फोटोपुढे ठेवल्याशिवाय कापत नाही. सुपरमार्केटमध्ये बाराही महिने सगळं एका रांगेत दिसतं, त्यात महिना कुठला ते कळतच नाही, म्हणून मी तुला ओढत क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला नेते. ते 1878 चं आणि आपली मंडई 1886 ची, म्हणजे जवळजवळ एकाच वयाची. तिथे ढीग बघितला की ऋतू कळतो.

तर यंदा अक्षय्य तृतीयेला आपण पाण्याने भरलेला तांब्या ठेवू आणि शेजारी इथल्या या महिन्याची फळं, पेअर, सफरचंद, अंजीर मिळालं तर तेही, टिनमधला आमरस नको. नंतर ती फळं आपल्या गल्लीतल्या त्या आजोबांना नेऊन दे, तू त्यांच्या बागेतले लिंबू आणतेस ना. आणि रविवारी आजीला फोन कर, खापरपणजोबांचं नाव विचार, मला आठवत नाहीये आणि तांब्या ठेवताना सगळ्यांची नावं घ्यायची असतात.

तुझी,
आई