पाच जणांनी वाशीच्या अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला जायचं तर

ताई म्हणालीस, म्हणून हक्काने सांगते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: कळव्याहून तुम्ही पाच जण पहिल्यांदाच मोठ्या अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला चाललाय, म्हणजे जपानी कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला. दोघांना कॉस्प्ले करायचाय, म्हणजे पात्राचा वेश: एक लुफी ('वन पीस'मधला समुद्री चाचा) आणि एक तान्जिरो ('डीमन स्लेअर'मधला), तोही बहिणीला, नेझुकोला, ज्यात घेऊन फिरतो त्या पाठीवरच्या पेटीसकट. माणशी बजेट दोन हजार. परतायला उशीर होईल याची आईला काळजी. आणि "दिवसभर सगळे एकत्र राहून सगळं बघायचंय". दोन हजारांत भागेल. सगळं बघून होणार नाही. आणि एकत्र राहायचा हट्ट मात्र घरीच ठेवून निघा.

आमचा ग्रुप सहा जणांचा होता. पहिल्या वर्षी आम्हीही हात धरून फिरलो. एकीला मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, स्टॉल बघायचे होते, एकाला गेमिंगच्या रांगेत उभं राहायचं होतं, मला स्टेजवरची कॉस्प्ले स्पर्धा. "आधी माझं, मग तुझं" करता करता तीन वाजले तेव्हा आमची दीड गल्ली बघून झाली होती आणि पाण्याची बाटली कोणी आणायची यावरून दोघांची बोलाचाली बंद होती. परतताना एकाच डब्यात तीन टोकांना बसलो. पुढच्या वर्षीपासून एकच पद्धत ठेवली: आत शिरायचं एकत्र, मग ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचं, दीड वाजता जेवायला आणि पाच वाजता निघायच्या आधी भेटायचं. भेटायची जागा "मेन गेट" ठरवू नका, तिथे अर्धं ठाणे उभं असतं. आत गेल्या गेल्या एखादा ठळक स्टॉल किंवा खांब हेरून ठेवा. फोनवर विसंबू नका, गर्दी वाढली की हॉलमध्ये नेटवर्क मान टाकतं. "कुठे आहेस?" हा मेसेज मला परतीच्या गाडीत, सानपाड्याला मिळालाय.

गाडीचं बघा. कळव्याहून ठाण्याला या, मग ट्रान्स-हार्बरसाठी, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलसाठी, नऊ-दहा नंबर फलाटाकडे. इथे नवखे हमखास फसतात. इंडिकेटरवर वाशी लिहिलेलीच गाडी पकडा. पनवेल आणि नेरुळच्या गाड्या तुर्भ्यानंतर थेट जुईनगरला जातात, सानपाडा-वाशी लागतच नाही. चुकून बसलातच तर तुर्भ्याला उतरा आणि मागून येणारी वाशी घ्या. मी एकदा पूर्ण मेकअपमध्ये, जांभळ्या विगसकट जुईनगरच्या फलाटावर उतरलेय. एका आजोबांनी विचारलं, "नाटक कुठाय?"

शनिवार की रविवार? रविवारी स्पर्धेची मजा असते, पण मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) ट्रान्स-हार्बरवरही असतो, साधारण अकरा ते चार. आदल्या दिवशी बातम्या बघून ठरवा. पहिलीच वेळ आहे, मी असते तर शनिवारचं तिकीट काढलं असतं.

आता खरा विषय, पेटी. थर्माकोलची करू नका, ठाणे स्टेशनच्या जिन्यावरच तिचा भुगा होईल. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन ज्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं तो पुठ्ठा दुकानात मागितला तर फुकट मिळतो. पट्टे जुन्या दप्तराचे काढून लावा, दोऱ्या लावाल तर तासाभरात खांदे सोलतील. आणि दार नुसतं रंगवू नका, कापडी टेपची बिजागरी करून खरंच उघडणारं करा. आत डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, फेविक्विक, सेफ्टी पिना, कंगवा आणि घरच्या चपला ठेवा. नेझुको मावते, तर तुमचा डबा का मावणार नाही! आमच्यातल्या एकाने अशी पेटी केली होती. दुपारी त्याने दार उघडून आईने दिलेले मेथीचे ठेपले काढले आणि आजूबाजूचे आठ-दहा अनोळखी तान्जिरो आणि त्याचे मित्र झेनित्सु गोळा झाले. दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच आला. गाडीत पेटी घेऊन मालडब्यात चढा, दुसऱ्या डब्यात लोक बोलतील आणि बरोबरच बोलतील.

तलवार ईव्हीए फोमची, म्हणजे हलक्या, स्पंजासारख्या शीटची करा. लोखंडी पातं गेटवरच काढून ठेवायला लावतात, आणि स्टेशनवर पोलिसाने हटकलं तर आईला फोन जाईल तो वेगळाच. फोमचे दोन तुकडे चिकटवताना कॉन्टॅक्ट ग्लू दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मगच जोडा. एकदा जुळलं की हलवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करा. रंगाआधी हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवा म्हणजे छिद्रं मिटतात, नाहीतर फोम रंग पीतच राहतो. गाडीत जुन्या चादरीत गुंडाळून न्या. हाओरीसाठी, म्हणजे तान्जिरोच्या ढगळ अंगरख्यासाठी, हिरवं कॉटन घ्या, मास्किंग टेप लावून काळे चौकोन फॅब्रिक पेंटने भरा. ऑनलाइन मिळणारा तयार हाओरी बहुतेकदा पॉलिस्टरचा असतो, त्यात तुम्ही उकडून निघाल.

लुफीचा खर्च नगण्य. लाल बिनबाह्यांचा शर्ट, निळी हाफपँट, गवती टोपी. फक्त एक चूक सगळे करतात. त्याचा व्रण डाव्या डोळ्याखाली असतो. चित्र समोर ठेवून आरशात बघत काढलात की तो हमखास उजव्या डोळ्याखाली जातो. दुसऱ्याकडून काढून घ्या.

अंगावर पूर्ण वेश चढवून घरून निघू नका. टोकियोच्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे हौशी कॉमिक्सवाल्यांच्या मोठ्या मेळ्यात, तर नियमच आहे, साध्या कपड्यांत यायचं, आत बदलायचं, साध्या कपड्यांतच परत जायचं. आपल्याकडे सक्ती नाही, पण विग, तलवार, मेकअप तिथे जाऊन करा. निघताना मामलेदारची मिसळ खाऊ नका, विगखाली घाम फुटला की पश्चात्ताप होतो. आणि कॉस्प्ले न करणाऱ्या तिघांपैकी एकाने दोघांचा मदतनीस व्हायचं, आळीपाळीने. विग आणि ग्लोव्ह्ज घातलेल्या माणसाला स्वतःच्या चपलेचा बंदही लावता येत नाही.

पैशांबद्दल. ते कॉमिकेट १९७५ साली सुरू झालं तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. आज तिथे लाखो लोक जातात, पण गाभा तोच राहिलाय, टेबल मांडून स्वतः काढलेली पुस्तकं विकणारी माणसं. म्हणून आपल्याकडेही आधी आर्टिस्टच्या टेबलांवर जा, खिशात पैसे असतानाच. कीचेन आणि चकचकीत पोस्टरं तशीच क्रॉफर्ड मार्केटला स्वस्तात मिळतात. एका मुलाने काढलेलं चित्र माझ्या फ्रिजवर अजून आहे: ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर रस्ता चुकलेला झोरो (लुफीचा सतत वाट चुकणारा साथीदार), बाजूला टीएमटी बसचा कंडक्टर कपाळाला हात लावून. असलं काही दुकानात मिळणार नाही. चित्रांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, आणि "घरी प्रिंट काढता येईल" असं त्याच्या तोंडावर बोलू नका. पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.

माणसांचेही फोटो विचारूनच काढायचे. विगला, कपड्यांना हात नाही. तुझ्याशी कोणी वेडंवाकडं वागलं तर वाद घालत बसू नकोस, सरळ व्हॉलंटियरला गाठ. एकटं फिरायला मी सांगतेय म्हणून हेही सांगतेय.

आईची काळजी मात्र रास्त आहे. परतीच्या गाडीची वेळ तिला आधीच सांगून ठेव आणि पाचला भेटलात की निघाच, सहानंतर वाशीच्या तिकीट खिडकीवर रांग लागते. रिटर्न तिकीट सकाळीच काढा.

आणि पेटी किती बाय कितीची करताय ते सांग. मालडब्याच्या दारातून जाईल, मला कळव्याच्या जिन्याची शंका आहे.