वायर लपवण्यासाठी 14 टक्क्यांचं कर्ज कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतला 1996 सालचा टू बीएचके, चार वर्षांपूर्वीच रंग आणि पीओपी झालेलं. आता दोन एसी, गीझर आणि इंडक्शन घ्यायचं आहे. संपूर्ण कन्सील्ड (भिंतीच्या आत लपवलेल्या) वायरिंगचं कोटेशन 1,90,000 रुपयांचं. त्यासाठी 3 लाखांची एफडी मोडायची, की 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन काढायचं?

दोन्ही नको. कोटेशनची फोड पाहा. वायर, स्विच, मजुरी मिळून 82,000. झिऱ्या (वायरसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा), प्लॅस्टर, पीओपीची डागडुजी आणि रंग मिळून 1,08,000. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा वायर दिसू नये म्हणून जातोय. कर्ज घेतलंत तर हप्ता साधारण 9,120 आणि व्याज 29,000 च्या घरात. एफडी हा तुमचा एकमेव आपत्कालीन निधी, तोही भिंतीत जायला नको.

जुन्या पाइपांतून लाइट-पंख्याच्या वायरी बहुतेक वेळा ओढून बदलता येतात. जुनी वायर हलत असेल तर तिलाच नवी बांधून ओढायची. अडकली, तर ताकद लावू नये. पाइप चेपलेला किंवा सिमेंटने भरलेला असतो. खरी गरज आहे ती जड उपकरणांच्या चार स्वतंत्र लाइनींची. सरासरी 14 मीटर धरले तर फेज आणि न्यूट्रलसाठी 4 चौरस मिमीची 112 मीटर वायर लागते. वळणं आणि बोर्डात सोडायची लांबी धरून 90 मीटरची दोन बंडलं घ्या, अर्थिंगसाठी 2.5 चौरस मिमीचं एक. या लाइनी पीओपीच्या छताच्या वरून किंवा केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवर बसणाऱ्या झाकणाच्या प्लॅस्टिक पट्ट्यांतून) न्या. पीओपीच्या वर टेप गुंडाळलेला जोड मात्र चालवून घेऊ नका. जोड हवाच असेल तर उघडता येणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये. बीम-कॉलमला तर छिन्नी लावूच देऊ नका.

कोटेशनमध्ये न दिसलेली बाब म्हणजे मीटरपासून घरापर्यंतची मेन वायर. दोन एसी, गीझर, इंडक्शन एकदम चालले तर भार 7 किलोवॅटच्या आसपास जातो. मेन 4 चौरस मिमीची असेल तर आतलं सगळं काम वाया. 10 चौरस मिमीची मागा. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही तपासा, वाढवायचा तर अर्ज आधी करा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्याच. जुन्या घरात दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असले की तो सारखा पडतो आणि वायरमन तो काढून टाकायला सुचवतो. न्यूट्रल वेगळे करायची मजुरी आधीच ठरवून घ्या.

चार लाइनी, मेन, नवा डीबी (सगळे एमसीबी बसवायचा बोर्ड) एवढंच काम तुमच्याच कोटेशनमधल्या दरांनी 60,000 च्या आसपास बसेल. एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. बँका सहसा एफडीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्के जास्त लावतात. 8 टक्के धरले तर वर्षभराच्या हप्त्यांत व्याज जेमतेम 2,600. करसवलतीच्या आशेने मोठं कर्ज नको: राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला 30,000 पर्यंतच वजावट, नव्या प्रणालीत तीही नाही.

मात्र वायर ॲल्युमिनियमची निघाली किंवा बोर्ड उघडल्यावर इन्शुलेशन हाताला चुरतंय असं दिसलं, तर पूर्ण वायरिंग लगेच बदला. तेव्हाही झिऱ्यांऐवजी केसिंगच. झिऱ्या पुढच्या रंगकामाच्या वेळी. शेवटचे 10 टक्के पैसे 500 व्होल्टच्या मेगरची (इन्शुलेशन तपासणाऱ्या यंत्राची) चाचणी तुमच्यासमोर झाल्यावरच द्या.