जावयाच्या आजोबांचा फोटो

प्रश्न : नमस्कार दादा. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. मुलगी हॅम्बुर्गला असते, जावई जर्मन, पण स्वभावाने अगदी सोन्यासारखा, मागच्या डिसेंबरात इथे आला तेव्हा रात्री बारा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात उभा राहून तळलेला गराडू कंद खात होता. आता त्याच्या आईचं घर आवरताना आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो निघाला, कॉलरवरचं चिन्ह कोणीतरी ब्लेडने खरवडलेलं. विचारपूस केली तर आजोबा हिटलरच्या एसएसमध्ये, म्हणजे त्या नाझी सशस्त्र संघटनेत होते म्हणे. तेव्हापासून पोरगा गप्प, आणि मूल नको म्हणतो, हे रक्त पुढे न्यायचं नाही. मी म्हटलं अरे झालं गेलं, तुझा काय दोष, तर व्हिडिओ कॉलवरून उठूनच गेला. उज्जैनला सिद्धवटावर पितृदोषाची पूजा करून घेऊ का? – एक आई

उत्तर : वहिनी, 'झालं गेलं' हेच त्याच्या घरात सगळे आजवर म्हणत आले असणार, म्हणून तो उठला. फोटो कोणी फाडला नाही बघा, फक्त चिन्ह खरवडलं. माणूस हवा होता, त्याने काय केलं ते नको होतं.

रक्ताचं म्हणाल तर तो एकटा नाही. हिटलरचा उजवा हात हर्मान गोअरिंग, त्याच्या भावाची नात बेटिना, तिने आणि तिच्या भावाने मूल होऊ नये म्हणून खरंच ऑपरेशन करून घेतलं. मला नाही पटत. पाप रक्तात उतरत असतं तर निक्लास फ्रांक कुठून आला असता? बाप हान्स फ्रांक, जर्मनांनी बळकावलेल्या पोलंडचा मुख्य कारभारी, 16 ऑक्टोबर 1946 ला न्यूरेंबर्गला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात फासावर गेला, तेव्हा पोरगा सात वर्षांचा, आणि मोठेपणी त्यानेच बापाची लाज काढणारं पुस्तक लिहिलं, बापाच्या प्रेताचा फोटो आजही जवळ बाळगतो. उलट एसएसचा प्रमुख हिमलर, त्याची मुलगी गुड्रून 2018 मध्ये वारली तोवर बापाचीच बाजू घेत राहिली. दोघांचेही बाप नाझी, पुढे कसं वागायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

जावयाला सध्या फक्त 'एसएस' एवढंच माहीत आहे आणि उरलेलं तो रात्री जागून कल्पनेने भरतोय. साधा शिपाई असेल बिचारा, असलं समाधान तुम्ही देऊ नका, न्यूरेंबर्गच्या कोर्टाने एसएस ही संघटनाच गुन्हेगार ठरवली होती. पण कुठली तुकडी, कुठलं गाव, कुठलं साल, हे शोधता येतं. बर्लिनच्या सरकारी अभिलेखागारात एसएसची कागदपत्रं आहेत, नातवाला अर्ज करता येतो. आणि हॅम्बुर्गमध्येच नॉयेनगामं छळछावणीचं स्मारक आहे, तिथे अशाच घरांतल्या लोकांसाठी शिबिरं होतात, कागद कसे वाचायचे तेही शिकवतात. मुलीला म्हणा सोबत जा. निघेल ते वाईटही निघेल, आधीच सांगून ठेवतो. नातवंडाचा विषय तोवर काढू नका, जीव तुटत असला तरी.

पूजेचं म्हणाल तर सिद्धवटावर जरूर जा, अडवणारा मी कोण, पण पितृदोष म्हणून त्या आजोबांची शांत करायला नको. तर्पणात शेवटी ज्यांना पाणी द्यायला कोणी उरलं नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात ना, छावण्यांत घरंच्या घरं संपली, त्यांच्या नावाने ती सोडा. जावयाला सांगायचं की नाही ते मुलीला विचारून ठरवा.