सहकार्य आधीच पेरलेले असते काय?

प्रश्न : सहजीवी जीव एकमेकांसोबत कसे उत्क्रांत होतात, याचा अभ्यास संगणकावरही होतो, असे वाचले. परंतु प्रोग्रॅमचे नियम माणूसच लिहितो. मग त्यातून निघणारे सहकार्य त्यानेच आधी पेरलेले नसते काय?

उत्तर : शंका रास्त आहे, काही प्रारूपांना, म्हणजे अशा संगणकीय किंवा गणिती नमुन्यांना, ती पुरेपूर लागू पडते. चांगल्या प्रारूपात मात्र ‘सहकार्य करा’ असा नियम नसतो. प्रत्येक आभासी यजमानाला (ज्याच्या शरीरात जिवाणू राहतो त्या जीवाला) आणि त्याच्या जिवाणूला एकेक संख्या दिलेली असते : मिळालेल्या पोषणापैकी किती वाटा जोडीदाराला द्यायचा. उरलेल्या पोषणावर संततीचे प्रमाण ठरते, संततीला तीच संख्या किंचित फेरफारासह मिळते, आणि हजारो पिढ्यांनंतर ती चढली की घसरली, एवढेच पाहायचे असते. दुसरी कोणतीही अट नसेल, तर ती घसरते. फुकट घेणाऱ्याची वाढ देणाऱ्यापेक्षा जलद होते.

खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. जिवाणू वारशाने यजमानाच्या संततीत जात असेल, तर यजमानाच्या भरभराटीतच त्याचे हित असते आणि सहकार्य वाढते. मावा किडीतील बुक्नेरा जिवाणू आईकडून पिलांकडे असाच जातो. कडधान्यवर्गीय रोपांच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम जिवाणू मात्र प्रत्येक नव्या रोपाला मातीतून मिळतो, म्हणून त्याने रोपासाठी नत्रस्थिरीकरणाचा, म्हणजे हवेतील नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणण्याचा, खर्च का सोसावा, हे वारशाने उलगडत नाही. स्टुअर्ट वेस्ट, टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांच्या 2002च्या गणिती प्रारूपानुसार, वनस्पती कामचुकार गाठींची रसद तोडत असेल, तर हे सहकार्य टिकू शकते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीचा नायट्रोजन काढून त्या जागी आरगॉन भरला गेला, आणि नत्र देऊ न शकणाऱ्या त्या गाठींतील जिवाणूंची वाढ खरोखरच घटली. प्रारूपाची अशी कसोटी क्वचितच इतक्या लवकर लागते.

आपली शंका खरी ठरते ती क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांत. मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांच्या 1992च्या प्रारूपात बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींत सहकारी आणि फुकटे मांडलेले होते, आणि शेजारशेजारच्या चौकटींतील सहकारी तग धरून राहिले. पण त्यात सर्व चौकटी एकाच क्षणी बदलत असत. 1993मध्ये बर्नार्डो ह्यूबरमन आणि नताली ग्लान्स यांनी त्या एकामागून एक बदलू दिल्या, तेव्हा सहकार्य नष्ट झाले. फुकटेपणाच्या फायद्याचे आकडे वेगळे धरले तर ते तरीही टिकते, हे नोवाक आणि सहकाऱ्यांनी नंतर दाखवले.